साळवेमामांचे चार तवे

नवा माणूस भेटला की लोक नाव विचारतात, गाव विचारतात. साळवेमामा एकदम विचारायचे, "तुमच्या गावची जत्रा कवा असती?" पुण्याहून नवे मॅनेजर आले, तर त्यांनाही पहिल्या भेटीत हाच प्रश्न. ते पडले सदाशिव पेठेतले. "जत्राच न्हाई? मग काय धोका न्हाई," म्हणत मामांनी त्यांना पास करून टाकलं.

नव्वदच्या दशकात सणसवाडीच्या आमच्या कारखान्यात मामा कँटीन बघायचे आणि मी गेटवर बसून आत येणारा माल रजिस्टरात लिहायचो. पूर्वी कँटीनच्या सगळ्या चपात्या एकाच गावातून यायच्या. एकदा त्या गावची जत्रा आली, लाटणाऱ्या बायका देवाला गेल्या आणि दोन पाळ्यांच्या कामगारांनी जेवणाच्या सुट्टीत नुसत्या थाळ्या वाजवल्या. मामांनी त्या दिवशी कानाला खडा लावला. "एका तव्याचा भरवसा धरायचा न्हाई!"

मग त्यांनी चार घरं धरली. एक तळेगाव ढमढेऱ्यातल्या हौसाबाईंचं, एक भीमनगरातलं, एक मुलाण्यांचं आणि एक भाड्याच्या खोलीतल्या बिहारी जोडप्याचं. त्यामागे शास्त्र होतं.

"चौघांचं सण एका दिशी येत न्हाईत. नागपंचमीला हौसाच्यात तवा ठेवत न्हाईत, तवा मुलान्यांचा तवा."

"आणि चौदा एप्रिलला?"

"तवा भीमनगर बंद, आन् मी बी बंद. तुमचं तुम्ही बघा."

या चारही घरांतल्या म्हाताऱ्यांची मामांना फार काळजी. मोपेड थांबवून विचारायचे, "सासूबाईंचा दमा कसा हाय?" घरच्यांचे डोळे भरून यायचे. मामा मनात योजत असायचे, की म्हातारी गेली तर दहा-तेरा दिवस चपात्या कुठून आणायच्या. कुणाला दिवस गेले, तर नवऱ्याच्या आधी मामांना वास लागायचा.

पुढे खरेदी खात्यात एक नवा साहेब आला. त्याला हे चार घरांचं लटांबर पटेना. तीन पुरेत म्हणाला, आणि ज्या घराची टोपली आठवडाभर येणार नाही ते घर बंद, असा फतवा काढून मोकळा झाला.

नेमक्या त्याच महिन्यात हौसाबाई हापशावर घसरल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या. घरात त्या आणि दमेकरी सासू. चपात्यांवरच दोघींचं चालायचं. बाकीच्या तिघी जास्तीच्या लाटायला तयार होत्या, तेव्हा हौसाबाईंचं काम गेलं असंच आम्ही सगळे धरून चाललो.

पण टोपली आली. रोज आली. आतल्या चपात्या मात्र काही त्रिकोणी, काही चपलेच्या तळव्यासारख्या. हौसाबाई डाव्या हाताने लाटत असतील, असं म्हणून कामगार मुकाट्याने गिळत होते.

मला राहवेना. एका सकाळी ड्यूटीच्या आधी तळेगाव गाठलं. हौसाबाई प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि चुलीपुढे साक्षात मामा, मिशीला पीठ लावून.

"कड दाबा मामा, कड!"

"दाबतोय की! पार पाताळात घालू का?"

मी डिवचलं, "मामा, तीन तवे चालू आहेत की. एक बंद पडला तर भागावं म्हणूनच चार केलेत ना?"

"इझला तवा टाकून द्यायला चार न्हाई केलं. त्यो परत पेटंपतुर बाकीच्यांनी धरायचं." लाटणं थांबलं. "मंडळी गेली माझी, तवा मी जुन्या कंपनीत हुतो. धा दिस गेलो न्हाई. आकराव्या दिशी गेलो, तर माझ्या टेबलावर दुसराच. पोरगं हुशार हुतं. कुनी मला वाईट बोललं न्हाई. पर कुनाचं काईच अडलं न्हवतं बघा."

मी चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं.

"उलथा आता, करपली," हौसाबाई म्हणाल्या. ती करपलेली चपाती त्यांनी डाव्या हातानेच काढून घेतली, वर गुळाचा खडा ठेवला आणि मामांपुढे सरकवली. "खाऊन जावा. आन् उद्या येळंवर या. तुम्ही न्हाई आला, तर माझं अडंल."

मामांनी खाली मान घालून पुढचा गोळा घेतला. तो तरी गोल लाटला गेला असं सांगायला मला आवडलं असतं. तोही त्रिकोणीच झाला.