आठ फर्म्यांत मावणारा छळ

मुलांनी मुलांचा छळ करणं ही समाजाला लागलेली कीड आहे, याबद्दल दुमत नाही. ही कीड एकशे अठ्ठावीस पानांत समूळ नष्ट होते, याबद्दल कोलकात्यात कॉलेज स्ट्रीटच्या मागच्या गल्लीतल्या एका प्रकाशनसंस्थेत तरी दुमत नाही. (एकशे एकोणतिसाव्या पानावर काय होतं, ते कुणी पाहिलेलं नाही. सोळा-सोळा पानांच्या आठ फर्म्यांत तेवढीच पानं बसतात.)

ही संस्था सदतीस वर्षं कुमारांसाठी कादंबऱ्या काढते, आणि तिची छळविषयक नियमावली वाचून कुणाचाही ऊर भरून येईल. डबा हिसकावणे, एकदा. बूट झाडावर फेकणे, एकदा. चिडवणे, हवं तेवढं, कारण त्यानं पानं भरतात. नायकाला ताप यावा, पण एकशे दोनच. एकशे तीन झाला की पालकांची पत्रं येतात. गणितात चौदा गुण पडावेत. सत्तराव्या पानाच्या आत त्याच्या अंगी काहीतरी कला निघावी: बासरी, चित्रकला, गेला बाजार डावखुरी फिरकी. ज्याला काहीच येत नाही अशा मुलाचा छळ संस्था छापत नाही. त्याचा शेवट करायचा कसा? आणि एकशे चाराव्या पानावर दांडग्या मुलानं तळ्यात बुडावं, म्हणजे नायकाला त्याला वाचवता येतं. आजवरच्या दोनशे बारा कादंबऱ्यांत दोनशे नऊ दांडगे बुडाले. (तिघांच्या गावी तळं नव्हतं. ते दरीत लोंबकळले.) पावलापावलावर तळं असलेल्या मुलखात एकाही दांडग्याला पोहता येऊ नये, ही बंगालच्या शारीरिक शिक्षणाची शोकांतिका आहे, पण तो विषय वेगळा.

यातले बहुतेक दांडगे ज्याच्या नजरेखालून बुडाले, तो संस्थेचा मुद्रितशोधक प्रणवेश तरफदार. वय सेहेचाळीस, कामाला चोख, स्वभावानं गरीब. पाचवीत असताना सकाळच्या प्रार्थनेत त्याला एक ढेकर आली. एकच. शेजारी उभ्या असलेल्या पुष्पल गुहठाकुरतानं तिथल्या तिथं त्याचं बारसं केलं: ढेकूर. (ढेकरेला बंगालीत हेच म्हणतात.) बंगालमध्ये माणसाला दोन नावं लागतात, एक दाखल्यावर लिहायला आणि एक हाक मारायला. याची हाकेची जागा रिकामी होती. ढेकूर तिथं जाऊन बसलं ते उठलंच नाही. शिपाई त्याला 'ढेकूरदा' म्हणतो, संपादक 'ढेकूरबाबू' म्हणतात. आदरात कुठं म्हणून कसूर नाही. त्याच्या लग्नपत्रिकेतसुद्धा कंसात (ढेकूर) छापावं लागलं, नाहीतर लग्न कुणाचं हेच लोकांना कळलं नसतं. सोयीसाठी आपणही त्याला ढेकूरच म्हणू. आपल्या मनात काही वाईट नाही.

ढेकूरला त्या एका ढेकरेचा तसा काही त्रास झाला नाही. फक्त तेव्हापासून तोंडातून काहीही बाहेर पडण्याची त्याला धास्ती वाटते. बोलायचं ठरवलं की घसा दाटतो, आणि तो दाटेपर्यंत समोरचा माणूस निघून जातो. (नियमावलीत हा परिणाम नाही. त्यात ताप आहे.)

अख्ख्या कोलकात्यात एकाच व्यक्तीला हे नाव ठाऊक नव्हतं. तिस्ता, त्याची मुलगी, वय दहा, इयत्ता पाचवी. तिला तो नुसता 'बाबा' होता. हे टिकवायला तो काय काय करायचा! ऑफिसचा फोन गच्चीत जाऊन घ्यायचा. कोपऱ्यावरच्या मासळीवाल्याशेजारी एका वर्गमित्राचं दुकान होतं, म्हणून मासे पार दोन थांबे पलीकडून आणायचा. बायकोनं ती पत्रिका कपाटात तळाशी, हिवाळ्याच्या रजयांखाली घातली होती.

आणि दुर्गापूजेला दोन महिने उरले असताना त्याच्या टेबलावर नवी प्रुफं येऊन पडली. 'शाब्बास ढेकूर!' लेखक, सुप्रसिद्ध कुमार-कादंबरीकार पुष्पल गुहठाकुरता.

मागोमाग पुष्पल स्वतःच आला आणि त्यानं पाठीवर सणसणीत थाप मारली. "काय रे ढेकूर, ओळखलंस का? अजरामर केलं लेका तुला!"

"पुष्पल, माझी मुलगी पाचवीत आहे रे," ढेकूर कसंबसं म्हणाला. "तुझं एक पुस्तक सोडत नाही ती."

"मग झक्कासच की! सही करून देतो. काय लिहू? ढेकूरच्या लेकीला?"

"तिला माहीत नाही. तेवढं नाव बदल ना. दुसरं काहीही ठेव."

"अरे, नावातच तर सगळी गंमत आहे! आणि छळाबद्दल मला शिकवू नकोस हां. लहानपणी मी तो फार जवळून पाहिलाय." पुष्पलचा आवाज खरंच कातर झाला होता.

ढेकूरनं प्रुफं वाचली. ढेकूर हा शब्द तीनशे एक्केचाळीस वेळा आला होता आणि एकदाही चुकला नव्हता. नायकाचं खरं नाव मात्र कुठंच नव्हतं. हजेरीपटावर नाही, प्रगतिपुस्तकावर नाही, आईच्या तोंडी नाही. टोपणनाव जात नसेल तर न जावो, पण त्या पोराला एक नाव तरी असावं, असं ढेकूरला फार वाटलं. त्यानं हिय्या करून तिसऱ्या पानाच्या समासात लाल शाईनं लिहिलं: 'नाव सुटले आहे. कुठलेही चालेल.'

नोकरीच्या एकवीस वर्षांत त्यानं आपल्या मनानं केलेली ही पहिलीच सूचना. पाच जणांची समिती बसली.

"अहो ढेकूरबाबू," निर्णय सांगायला संपादक श्रीलेखादी स्वतः टेबलापाशी आल्या, "मध्येच खरं नाव आलं तर मुलांना वाटेल, हा कोण दुसराच उपटला? आणि किती मनाला लावून घ्यायचं ते! त्या पोरानं बघा, एकशे चारला सगळं माफसुद्धा करून टाकलं."

मी नाही केलं, असं ढेकूरला म्हणायचं होतं. घसा दाटला. तोवर श्रीलेखादी चहाला गेल्या होत्या. ठराव असा झाला: 'छळग्रस्तांविषयी पूर्ण सहानुभूती बाळगून सूचना फेटाळण्यात येत आहे.' (पाच विरुद्ध शून्य. छळग्रस्ताला बैठकीला बोलावण्याची पद्धत नाही.)

पुस्तक धडाक्यात गेलं. प्रकाशनाला चारशे मुलांनी छळाच्या निषेधार्थ एका सुरात ढेकर दिली, तेव्हा पुष्पलला हुंदका आवरेना. संस्थेनं पाहणीही केली. पुस्तक वाचल्यावर ब्याण्णव टक्के मुलं छळाच्या विरोधात गेली. उरलेल्या आठ टक्क्यांना त्यांनी मधल्या सुट्टीत गाठलं.

रविवारी सकाळी ढेकूरच्या घरी नाश्त्याला मैद्याची लुची आणि आलूदम होता. पुस्तक तिस्ताला शाळेतून बक्षीस मिळालं होतं. ते ताटाशेजारी ठेवून ती शेवटची पानं वाचत होती. सहावी लुची संपली आणि तिला ढेकर आली.

"ढेकूर!" ती स्वतःलाच म्हणाली आणि खो खो हसत सुटली. बाबाकडे लक्ष गेलं तशी थांबली. "सॉरी बाबा. किती दुष्ट होती ना ती मुलं? मी त्यांच्या वर्गात असते ना, तर मुळीच चिडवलं नसतं."

"मग काय म्हणाली असतीस त्याला?"

"काय म्हणजे? त्याच्या नावानं हाक मारली असती!"

"काय नाव होतं त्याचं?"

तेलकट बोटांनी तिस्तानं पुस्तक पहिल्यापासून चाळलं, मग शेवटाकडून चाळलं.

"बाबा, यात नाहीच आहे. तू वाचलंयस ना आधी? सांग ना, काय होतं?"

ढेकूरचा घसा दाटला. पण ही निघून जाणारी नव्हती; लुचीचा तुकडा हातात धरून वाट बघत बसली. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "होतं एक. चांगलं होतं."

तिस्ताला दोष देता येणार नाही. तिच्या पुस्तकात ते छापलंच नव्हतं. इथं मात्र छापलंय. एकदाच, पण आडनावासकट. तुम्ही तर आत्ताच सगळं वाचलंत, त्या पुष्पलला मनात चार शिव्याही घातल्यात. आता वर न बघता सांगा पाहू.