आठव्या सिलिंडरचं काही खरं नाही

टिपणीसकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते फ्रिजला कान लावायला. परदेशातल्या या क्वीन्सटाउनच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे उंच इमारतीत, आम्ही नुकते राहायला आलो होतो. दार उघडलं तर समोर अर्ध्या चड्डीतले सत्तरीचे गृहस्थ, हातात हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर. "मी शेजारचा टिपणीस. तुमचा फ्रिज भिंतीपलीकडे ऐकू येईल इतका कण्हतोय," असं म्हणून ते थेट स्वयंपाकघरात घुसले. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यांनी फ्रिजच्या पाठीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले.

"अंकल, द फ्रिज ओके लाह!" माझी मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणाली.

"काँप्रेसर जाणार," काकांनी डोळे न उघडता निकाल दिला. आणि तो गेलाच. त्यातली मासळी टाकून देताना मी त्यांच्या नावाने बोटं मोडली होती.

काकांची हयात जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात. यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून यांनी एक म्हातारी अमेरिकन मोटार सांभाळायला घेतली. आठ सिलिंडर एकामागे एक, रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे. त्यामुळे बॉनेट इतकं लांब, की ड्रायव्हरला गाडीचं नाक दिसायला मान ताणावी लागते. "पहिल्याची चैन असते," काका सांगत. "गार पाणी आधी त्याला, वारा आधी त्याला. आठवा बिचारा सगळ्यांत मागे, तापत बसतो. आठव्याचं काही खरं नाही."

हे वाक्य ते कुठेही म्हणत. गणपतीच्या आरतीनंतर एकदा पुण्याहून नवीन आलेल्या एका बँकेतल्या मॅनेजरला त्यांनी कोपऱ्यात गाठलं. तांजोंग पगारला, मोठमोठ्या ऑफिसांच्या भागात, ऑफिस आहे, असं तो कौतुकाने सांगत होता. काकांनी त्याला इंजिनच्या झाकणाखालचं, गळती रोखणारं गॅस्केट कसं बसवतात ते प्रसादाच्या द्रोणावर दाखवलं. त्या गृहस्थाने पुढच्या वर्षी आरतीनंतर पाच मिनिटंही दम धरला नाही.

गाडी अलेक्झांड्रा रोडजवळच्या एका गॅरेजमध्ये होती. इथे असल्या जुन्या गाड्या वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर काढता येतात. काकांनी त्यातला एकही दिवस वापरला नव्हता. परीक्षा ठरलेली होती. इंजिन चालू असताना त्याच्या डोक्यावर एक डॉलरचं नाणं कडेवर उभं करायचं. नाणं पडलं नाही तर गाडी झाली. दर शनिवारी मी विचारायचो, "काय काका, राहिलं का उभं?" आणि काका मान हलवायचे, "छे रे. आठव्याचं काही खरं नाही."

काकांच्या पत्नी सुमनकाकू हे ऐकून नुसत्या हसायच्या. त्या तेव्हा बऱ्याच आजारी होत्या. आजार पोटातला होता, आणि त्यांच्या नोव्हेनाच्या हॉस्पिटलच्या खेपा मला तोंडपाठ झाल्या होत्या.

एका शनिवारी काका डबा घरीच विसरले आणि तो पोहोचवायला मी गॅरेजमध्ये गेलो. काका हात धुवायला गेले होते. गॅरेजचे मालक लिम अंकल उघड्या इंजिनकडे बघत सिगारेट ओढत होते. मी सहज विचारलं, अजून किती दिवस लागतील?

"कार नो प्रॉब्लेम," लिम अंकल म्हणाले. "लास्ट इयर ऑलरेडी ओके. कॉइन स्टँड, आय सी मायसेल्फ. देन ही स्विच ऑफ, ओपन अगेन. न्यू गॅस्केट, क्लोज. कॉइन स्टँड. ओपन अगेन!" त्यांनी बोट कानाजवळ नेऊन फिरवलं. "युअर फ्रेंड हॅज प्रॉब्लेम, लाह."

मला हसावं की रडावं कळेना. तसाच परत आलो आणि शेजारी जाऊन काकूंना सांगितलं. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही.

"ठाऊक आहे रे मला," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता औषधाचा उपयोग नाही. टॅक्सीत हे एक अक्षर बोलेनात. म्हणून मी आपली चेष्टा केली, 'घाबरता कशाला? तुमच्या गाडीत बसल्याशिवाय मी कुठे जाते?' झालं. यांना चेष्टा कळते का कधी? दुसऱ्या दिवशी जाऊन चांगलं जुळलेलं इंजिन खोलून ठेवलं."

मी त्यांच्या पाठीमागची उशी सरळ केली.

"आणि मला खरंच बसायचंय रे त्या गाडीत," काकू म्हणाल्या. "समुद्राकडेने एक चक्कर. पण म्हणू कशी? मी चला म्हटलं, तर हे काय समजतील?"

पुढचे महिने वाईट गेले. भिंतीपलीकडून आता कण्हणं ऐकू यायचं, आणि ते कुठल्या यंत्राचं नव्हतं. काका गॅरेजमध्ये जायचे, यायचे, हातांना ग्रीस लागलेलं असायचं. आठव्याची तक्रार चालूच होती. मला त्यांचा राग यायचा आणि रागाचं काय करावं ते कळायचं नाही.

मग एका सकाळी मी भाजी घेऊन गेलो असताना काकूंनी माझ्यासमोरच काकांचा हात धरला. "अहो," त्या म्हणाल्या, "फार दुखतंय आता. इंजिन जोडा."

काकांनी काकूंचा हात हलकेच पांघरुणाखाली ठेवला. मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन निघाले. जाताना आठव्याबद्दल काही बोलले नाहीत.

रविवारी गाडी आमच्या ब्लॉकखाली उभी होती. काळी, लांबलचक, दोन गाड्यांची जागा अडवून. मी आणि बायकोने काकूंना व्हीलचेअरवरून उचलून पुढच्या सीटवर ठेवलं. वजन असं काही उरलंच नव्हतं. काकांनी बॉनेट उघडलं, चालत्या इंजिनवर नाणं उभं केलं आणि हात काढून घेतला. नाणं हललं नाही.

"झाली का?" काकूंनी विचारलं.

"झाली," काका म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

मी मागे बसलो. समुद्राकडेने गेलो. नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांकडे काकू बघत होत्या आणि काका बैलगाडीच्या वेगाने गाडी हाकत होते. मागून हॉर्न वाजत होते. "अहो, जरा जोरात," काकू एकदा म्हणाल्या. काकांनी ऐकलं नाही.

परत येऊन ब्लॉकखाली थांबलो तेव्हा काकूंचे डोळे मिटलेले होते. काका वाकले. स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या पायाशीच पडला होता, पण तो त्यांनी घेतला नाही. काकूंच्या छातीवर त्यांनी सरळ आपला कान ठेवला आणि डोळे मिटले.

"चालू आहे," ते शेवटी म्हणाले. "अजून चालू आहे."

मी दार उघडायला गेलो, तर त्यांनी मान हलवून मला थांबवलं. इंजिन तसंच चालू होतं. ते बंद करायला त्यांचा हात काही चावीकडे जाईना.