खिदळीच्या टोप्या

एका जंगलात, बाळांनो, सिंहमहाराजांनी हास्यक्लब काढला होता. सगळ्यांनी सकाळी तळ्याकाठी जमायचं आणि हसायचं. जो हसणार नाही, त्याला महाराज खाणार. त्यामुळे सगळे अगदी मनापासून हसत.

खिदळी नावाची तरसीण मात्र तोंडावर पंजा धरून हसे. तिचे दात पिवळे, खडबडीत, कडेने तुकडे उडालेले. गार वारा लागला तरी कळ मस्तकात जाई. तरसाच्या जातीला जन्मून बिचारी भिजवलेली बोरं खायची. फार वाईट वाटायचं तिला.

"नीट घासत नाहीस," शेळी म्हणाली. खिदळीने राखेने घासले.

"जोर कमी पडतो," रानडुक्कर म्हणालं. तिने जोर लावला. होतं नव्हतं तेही निघून गेलं.

त्यातच क्लबच्या चिटणीस माकडाने बजावलं, "पौर्णिमेपासून तोंड उघडूनच हसायचं. महाराजांचं लक्ष आहे हं!"

खिदळी धावत सुतारपक्ष्याकडे गेली. तो जंगलातला दातांचा डॉक्टर. त्याने चोचीने हलकेच टकटक केलं.

"आईचेही असेच का?"

"आईचे, आजोबांचे, सगळ्यांचेच."

"मग तुझा काही दोष नाही, बाई. दातावरचं कवचच तुमच्या घराण्यात कच्चं येतं. घासून ते पक्कं कसं होणार? आपण टोप्या घालू."

इथेच घोटाळा झाला. तिने घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं. कुळाचे प्रमुख असलेले आजोबा ताडकन उठले.

"टोप्या घालणार? आणि तसं तोंडावर सांगतो? अगं, जगात आजवर कुणी सांगून टोपी घातली आहे का?"

"दातांना हो, आजोबा."

"पिवळे दात ही आपल्या कुळाची खूण. सोनं आहे ते सोनं!"

"मग त्या सोन्याने हाड का फुटत नाही?"

"आपलं कुळ सोवळं. आपण हाडाला शिवत नाही," आजोबा म्हणाले आणि पुन्हा बोर चघळू लागले.

खिदळी गुपचूप गेलीच. सुतारपक्ष्याने शिंपले कोरून प्रत्येक दाताच्या मापाची टोपी केली आणि राळेने पक्की बसवली.

पौर्णिमा आली. खिदळीने मान मागे टाकली आणि इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं हसू एकदम सोडलं. महाराज दचकून तळ्यात पडले. क्लबमध्ये त्या दिवशी पहिल्यांदाच सगळे खरे हसले.

घरी येताना तिने वाटेतलं एक हाड उचललं. अंगणात बसून ते फोडलं. कडाड!

लगेच कुळाची सभा भरली. "हे आपले दात नव्हेत. ही आपली नव्हे," असं ठरवून सगळे उठले. आजोबा तेवढे रेंगाळले.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "तो आवाज हाडाचाच ना?"

"हो, आजोबा."

"आत मगज असतो म्हणतात. खरंच असतो का गं?"

खिदळीने अर्धं हाड त्यांच्यापुढे सरकवलं. आजोबांनी एकदा चाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सुतारपक्ष्याच्या झाडाखाली पहिला नंबर आजोबांचा होता. "डॉक्टर, मला जरा रुबाबदार टोपी घाला," ते म्हणत होते.

आता त्या कुळात एखाद्या पिल्लाला पिवळा दात आला, की आजोबा कपाळाला हात लावतात. "आपल्यात हे कुठून आलं बुवा?" असं म्हणतात आणि पांढरेशुभ्र दात दाखवत हसतात.

तात्पर्य : डॉक्टर टोपी घालतो तेव्हा निदान आधी सांगतो आणि माप घेतो. घरचे घालतात, तिला परंपरा म्हणतात.