बिनबटणाचा दिवा

फिलूमावशी अंबाड्यात फूल माळत नाहीत, टेस्टर खोचतात. चर्चमध्ये मिस्साला जातानासुद्धा. देवळात कुणी टोकलंच तर शांतपणे सांगतात, "देवाच्या घरात पन वायरिंग हाय."

सांडोरला आमच्या बिल्डिंगसमोर केळीच्या वाडीत त्यांचं बैठं घर आहे. सातिवलीच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म इलेक्ट्रिकची पॅनल जोडली. नोकरी संपली, हातांना मात्र ते कुणी कळवलेलं नाही. पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा आईने चहा पुढे केला. मावशींनी मिक्सरच्या प्लगकडे बोट दाखवलं. "हा गरम होतो?"

होत होता. चहा निवला, पण प्लग दुरुस्त झाला.

काम करताना बोललेलं त्यांना खपत नाही. "आधी मेन बंद, मग तोंड उघड," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मागच्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. व्हीलचेअर फिरावी म्हणून आम्ही त्यांच्या खोलीची मधली भिंत पाडली आणि भिंतीबरोबर बटणांचा बोर्डही गेला. वायरमनने दिवा आणि पंखा थेट जोडून दिला. "बटण नंतर काढून देतो," म्हणाला आणि पुन्हा फिरकला नाही. दिवा विझवायचा तर बाहेर जाऊन त्या खोलीच्या एमसीबीचा खटका पाडायचा, की पंखाही बंद. त्यामुळे रोज दुपारी आम्ही बाबांना विचारायचो, अंधार हवा की वारा? ते डोळ्यांवर पंचा ओढून घ्यायचे.

मावशींनी हे ऐकलं आणि खोलीत येऊन बराच वेळ छताकडे बघत राहिल्या.

"नवं बटण काढून द्याल का?" मी विचारलं.

"बटन काढायचं तर भिंत फोडायला लागेल, बाय. सगळी धूळ दादांच्या छातीत. रिमोट लावू."

दुसऱ्या दिवशी त्या काडेपेटीएवढी एक डबी घेऊन आल्या. मेन बंद केला, स्टुलावर चढल्या, दिव्याची वाटी उतरवली. वरून आलेल्या दोन्ही वायरी डबीत घातल्या, डबीतून निघालेल्या दोन दिव्याला जोडल्या आणि डबी वाटीत लपवून वाटी परत बसवली. मग रिमोट दाबला. काही नाही. पुन्हा दाबला.

"मेन कोनी बंद केला?"

"तुम्हीच, मावशी."

त्यांनी टेस्टर अंबाड्यात खोचला. "बरोबर केला," म्हणाल्या.

मेन चालू झाल्यावर रिमोट घ्यायला आईने हात पुढे केला. मावशींनी तो बाबांच्या डाव्या हातात ठेवला. बाबांनी दाबला, दिवा लागला. पुन्हा दाबला, विझला. असं किती वेळा केलं कोण जाणे, आम्ही कुणीच अडवलं नाही. इतके महिने कूस बदलायलाही त्यांना आमची वाट बघावी लागत होती. शेवटी आमच्याकडे बघून म्हणाले, "मी." आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

त्यानंतर बाबा रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला दिवा उगाच लावायचे-विझवायचे. आई कुरकुरायची, "अहो, खेळ नाही तो. सेल संपेल."

आणि एके दिवशी सेल संपलाच. बाबा रिमोट दाबत राहिले, खिडकीकडे बघत राहिले. "फ... फि..." म्हणायला लागले. मी खिडकी लावली. त्यांनी मान हलवली. मी ती पुन्हा उघडली. ते माझ्यावर चिडले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात फिलूमावशी. तीन मजले जिन्याने चढून आल्या होत्या, लिफ्टची वाटही बघितली नव्हती.

"दादा बरे हायेत ना?"

बाबांना बघितल्यावर त्या तिथेच खुर्चीवर बसल्या. मी पाणी दिलं. निम्मा पेला संपल्यावर हळूहळू सांगितलं.

"मिस्सावरून मी घरात शिरले की दादा वरून खिडकीतनं दोनदा दिवा करतात. मग मी माझा ओट्यावरचा दोनदा करते. मग ताट वाढून घेते." पेला त्यांनी मांडीवर धरला होता. "माझी आई गेल्यापासून जेवायच्या वेळेला कोन इचारतंय मला. आज दिवा दिसला नाय. घास उतरेना."

आई ताट घ्यायला उठली.

बाबा अजून रिमोट दाबतच होते. मावशी उठल्या, हॉलमधल्या बोर्डाशी गेल्या आणि बाबांना दिसेल असा आमचाच दिवा दोनदा लावला, दोनदा विझवला. बाबांनी रिमोट खाली ठेवला.

"वाढ आता," मावशी आईला म्हणाल्या.