नमुन्याच्या घरातले दूध

सोडतीत रघोजीरावांना तिसरा माळा लागला, आणि त्याच क्षणी त्यांचे दोन्ही गुडघे दुखू लागले.

तसे ते आधीपासून दुखतच होते. पापनाशमच्या बसवर कंडक्टर म्हणून सगळा जन्म उभ्याने काढलेला माणूस तो. तंजावुरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतली मोडकी बैठी घरे कॉर्पोरेशनने पाडली, त्याच जागी तीन माळ्यांची इमारत बांधली आणि जुन्या रहिवाशांना त्यात एकेक घर दिले. इथवर सगळे छानच होते. लिफ्टसाठी जागासुद्धा सोडली होती. त्या जागेत सध्या सिमेंटची पोती राहत होती.

तळमजल्यावरचे एक नंबरचे घर लागले तुळजाजीला. तिशीचा गडी, पायऱ्या दोन-दोन करून चढणारा. रघोजीरावांची बायको कनकलता त्याच्याकडे अदलाबदल मागायला गेली.

"तुळजा, तू वर जा रे. आम्हाला खालचं दे. अण्णांचे गुडघे तुला ठाऊक आहेत की."

"मी जाईन, अक्का. पण माझी मोपेड कशी जाईल वर?"

"मोपेड बाहेर ठेव."

"बाहेर? पावसात? तुम्ही अण्णांना ठेवाल का बाहेर?"

कनकलताच्या ओठांवर उत्तर आले होते, पण ते गिळून ती भाड्याच्या घरी परत आली.

त्यात उद्घाटन परवावर ठरले, आणि उद्यापासून आडी महिना लागत होता. आडीत तंजावुरात कोणी नव्या घरात पाऊल घालत नाही. तमिळ घालत नाहीत, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या शेजारी राहून मराठीही घालत नाहीत.

"अगो, सरकारला आडी नसतो," रघोजीराव म्हणाले.

"सरकारला बारा महिने आडीच असतो," कनकलता म्हणाली. "आजच नव्या घरात दूध उतू घालायचं. चला."

दिवा, मीठ, हळद, साखर, दुधाचे भांडे आणि गॅसची छोटी शेगडी घेऊन दोघे इमारतीवर पोचले. तिथली इंजिनियर हरिणी मूळची मराठी घरातलीच. मराठी तिला नीट येई, घरचे रिवाज मात्र ठाऊक नव्हते.

"आजी, तिसऱ्या माळ्यावर फरशी ओली आहे. पाय ठेवला तर पाय तिथंच राहील."

"मग दूध कुठं उतू घालू? रस्त्यावर?"

हरिणीने डोके खाजवले. "खाली एक नंबर उघडा आहे. नमुन्याचं घर. पाहुण्यांना दाखवायला सजवलंय. तिथं उकळा, दोन मिनिटांत निघा. कशाला हात लावायचा नाही. बिल्डिंग एकच की!"

इंजिनियरच्या हिशेबात बिल्डिंग एकच होती. पण ज्या घरात दूध उतू जाते ते घर आपले, आणि त्या रात्री तिथेच झोपायचे, हे कोणत्याही कॉलेजात शिकवत नाहीत.

नमुन्याचे घर पाहून रघोजीरावांचे डोळे दिपले. नळ चकचकीत होते. मागे पाइप नव्हता. टीव्ही मोठा होता, पुठ्ठ्याचा होता. टेबलावर पिवळीधमक केळी होती, ती प्लास्टिकची. आणि मधोमध जांभळ्या रेशमी चादरीचा ऐसपैस पलंग.

कनकलताने दिवा लावला, शेगडी पेटवली, दूध चढवले. दूध काही वर येईना. रघोजीराव या पायावरून त्या पायावर होत होते.

"जरा टेकतो गो."

"हात लावू नका म्हणाली ती पोरगी."

"हात कुठं लावतोय? बसतोय फक्त."

रघोजीराव बसले, आणि तेवढ्यात दूध फसफसून उतू गेले. तेही नेमके पूर्वेला! कनकलताचे डोळे भरून आले. तिने हात जोडले. मागून धप्प आवाज आला. चादरीखाली पलंग नव्हताच. फरशांची रिकामी खोकी होती. रघोजीराव त्यांच्यात कंबरेपासून घडी होऊन आत गेले होते. वर दिसत होते एक डोके, दोन हात आणि दोन तळपाय.

"कनका! अगो कनका!"

"थांबा हो, नमस्कार तर करू द्या."

नमस्कार करून तिने ओढले. गुडघे दुमडेनात, आणि दुमडल्याशिवाय माणूस बाहेर येईना. एवढ्यात शेजारपाजारची मंडळी आली; घरून निघतानाच कनकलताने सगळ्यांना फोन केले होते. त्यांनीही ओढले. प्रत्येक ओढीला आणखी एक खोके बसले आणि रघोजीराव आणखी चार बोटे खाली गेले. एका मावशींनी थकून केळे उचलले, चावले, आणि हळूच परत ठेवले.

हरिणी धावत आत आली. "चेन्नईचे मोठे सर आजच आले! गेटवर आहेत! निघा सगळे, निघा!"

"माझी काही हरकत नाही," पलंगातून रघोजीराव म्हणाले. "काढा की."

"आणि काढलं तरी आम्ही निघणार नाही," कनकलता म्हणाली. "आजची रात्र इथंच झोपायला हवं. दूध उतू गेलं."

"आजी, तुमचं घर वर आहे!"

"दूध वर उतू गेलं का?"

एवढ्यात चेन्नईचे अधिकारी दारात उभे राहिले. सोबत नगरसेविका वाणी अम्मा, मागे एक फोटोवाला. नमुन्याच्या रिकाम्या घरात दिवा तेवत होता, खोली माणसांनी भरली होती, फरशीवर दूध वाहत होते आणि रेशमी चादरीतून एक म्हातारा नमस्कार करत होता.

"हे कोण?" अधिकाऱ्यांनी विचारले.

हरिणीचा चेहरा दुधासारखा झाला. पण वाणी अम्मा चार निवडणुका लढलेल्या बाई.

"लाभार्थी कुटुंब, सर. उद्घाटनापर्यंत म्हाताऱ्या माणसांना कशाला ताटकळत ठेवायचं? आधीच घर देऊन टाकलं."

"आणि हे असे का...?"

"आराम करताहेत, सर."

कनकलताने उरलेल्या दुधात साखर घालून पेला अधिकाऱ्यांच्या हातात दिला. दूध उतू गेलेल्या घरातून कोणी कोरड्या तोंडाने जात नाही. अधिकाऱ्यांनी आजवर शेकडो इमारती तपासल्या होत्या, पण असे कोणी आपुलकीने काही दिले नव्हते. त्यांचा आवाज मऊ झाला.

"म्हाताऱ्यांना तळमजला! सुंदर कल्पना. कुणाची ही?"

"माझी," वाणी अम्मा आणि हरिणी एकदमच म्हणाल्या.

फोटोवाल्याने फोटो काढला. तेवढ्यात बाहेर मोपेड थांबली आणि तुळजाजी ओरडत आत घुसला, "कोण आलंय माझ्या घरात?"

"हा कोण?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"तिसऱ्या माळ्याचा लाभार्थी, सर," वाणी अम्मांनी डोळ्याची पापणीही न हलवता सांगितले. "खालचं घर याला लागलं होतं. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यासाठी यानं ते आपणहून सोडलं."

अधिकाऱ्यांनी तुळजाजीला छातीशी धरले. कॅमेरा समोर आला की हसायचे, ही तुळजाजीची लहानपणापासूनची सवय. तो हसला. फोटो निघाला.

जाता जाता अधिकारी लिफ्टच्या जागेपाशी थांबले. "म्हातारी माणसं खाली, तरुण वर. मग इथं लिफ्ट हवी कशाला? काढून टाका ती आराखड्यातून."

गाड्या निघून गेल्या, तसा तुळजाजी भानावर आला.

"अक्का, हे चालायचं नाही. फोटोत हसलो म्हणजे घर दिलं असं नाही. सोडतीत मला लागलंय!"

कनकलता खाली बसली. सकाळपासूनचा तिचा सगळा जोर गेला होता. "खरं आहे रे," ती म्हणाली. "घर तुझंच. दोन पायऱ्या चढू, एकीवर बसू. संध्याकाळपर्यंत पोचू की वर. तेवढं अण्णांना बाहेर काढून दे."

तुळजाजी पुढे झाला आणि त्याचा पाय चिकटला. त्याने खाली पाहिले. दुधाचा पांढरा ओघळ पार भिंतीपर्यंत गेला होता.

"हे... उतू गेलं?"

"पूर्वेला," खोक्यांतून रघोजीराव अभिमानाने म्हणाले.

"अय्यो!" तुळजाजीने पाय झटकन मागे घेतला. "माझ्या अम्माला कळलं तर ती या घरात पाणी पिणार नाही! दुसऱ्याचं दूध उतू गेलेल्या घरात मी माझं कसं उतू घालू?" तो दारात जाऊन जिन्याकडे पाहून आला. मग त्याने विचारले, "वर वारा येतो ना, अक्का?"

"खूप येतो रे बाळा!" कनकलता एकदम उभी राहिली.

"आणि माझी मोपेड?"

सगळ्यांनी एकदम लिफ्टच्या जागेकडे पाहिले. पोती हलवली. मोपेड तिथे अशी बसली, जणू माप घेऊनच जागा सोडली होती. खूश होऊन तुळजाजीने बाह्या सावरल्या आणि एका हिसक्यात रघोजीरावांना पलंगातून उपटून काढले.

आडी संपला. तुळजाजीने वर आपले दूध उतू घातले. रघोजीरावांचा फोटो चादरीसकट पेपरात छापून आला, आणि तिथून खरी कथा सुरू झाली. कारण एक नंबरचे घर नमुन्याचे होते ते नमुन्याचेच राहिले. म्हाताऱ्यांना तळमजला देणारी इमारत बघायला आज कुंभकोणमची मंडळी येत, उद्या पुदुकोट्टईची. कॉर्पोरेशनने खराखुरा लाकडी पलंग दिला. पण पाहुणे आले की रघोजीरावांनी त्यावर बसायचे, गुडघ्यांवर हात ठेवायचे आणि "फार बरं वाटतं" असे म्हणायचे. आणि पाहुणे येत ते नेमके दुपारी, त्यांचा डोळा लागायच्या वेळी.

असेच एकदा दुपारी कुठलेसे पथक आले. त्यांनी आता पाणी येणाऱ्या नळाला हात लावून पाहिला, कॉफी घेतली, पलंगाकडे बघितले. पलंग रिकामा होता.

"ज्यांच्या गुडघ्यांसाठी हे घर दिलं ते आजोबा कुठं आहेत?" त्यांच्यातल्या प्रमुखाने विचारले.

"तिसऱ्या माळ्यावर, तुळजाच्या घरी," कनकलता म्हणाली. "रोज दुपारी चढून जातात. गुडघ्यांना थोडी विश्रांती नको का?"