अतांची नाडी

कुबानिचची माणसांबद्दल एकच तक्रार होती : माणसं मोजत नाहीत. काराकोलच्या हवामान केंद्रात तो सव्वीस वर्षं बर्फ मोजत आला होता. किती पडलं, किती साचलं, किती वितळलं. बर्फासारखी मुकी वस्तू मोजल्यावर शहाण्यासारखी कागदावर येते, मग माणसाला काय धाड भरली आहे, असं त्याचं ठाम मत होतं. पन्नासाव्या वाढदिवसाला, जेवणाच्या भरल्या दस्तरखानासमोर त्याने जाहीर करून टाकलं, "वर्षभरात बघा. माझ्या आयुष्यातलं एक मिनिट माझ्या नजरेतून सुटणार नाही."

"मग मिनिटं बघत बसाल, जगाल कधी?" त्याची बायको नाझगुल म्हणाली आणि मटणाचा वाडगा पुढे सरकवला.

त्यासाठी कुबानिचने एक प्रोग्राम शोधून काढला होता. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला, फुकटचा, आणि मुख्य म्हणजे उघडा. आत काय चाललंय ते कोणीही वाचून बघावं. "एकेक ओळ उघडी आहे, लपवाछपवीचं कामच नाही," असं तो येईल त्याला सांगायचा. स्वतः त्याने त्यातली एकही ओळ वाचली नव्हती. पण विहीर उघडी असली म्हणून कोणी तळ तपासून पाणी पीत नाही.

पडवीत, वडिलांच्या रिकाम्या खोलीच्या दाराशी, जुना कॉम्प्युटर रात्रंदिवस घुमत असायचा. कुबानिचच्या मनगटावरचा पट्टा नाडी, पावलं आणि झोप टिपायचा. घराजवळ आला की सगळं त्या कॉम्प्युटरला सांगून मोकळा व्हायचा. रोज संध्याकाळी एक कागद छापून यायचा. त्यातून कुबानिचला कळलं होतं की तो दिवसाला सत्तेचाळीस मिनिटं नुसता खिडकीबाहेर बघतो. नाझगुलसाठीही त्याने एक पट्टा आणला होता, पण तिने तो हातात घेतला नाही. "मी किती चालते ते माझ्या गुडघ्यांना ठाऊक आहे."

असाच एक पट्टा त्याने वडिलांच्या, म्हणजे असानाली अतांच्या हाताला बांधला होता. त्यांचं हृदय थकलं होतं, तरी रोज फेरी मारायचा हट्ट सुटत नव्हता. ते परत आले की पडवीतल्या डब्यासारख्या स्पीकरमधून एक बाई सपाट आवाजात सांगायची : "अता घरी आले." नाडी चढलेली असली तर तिचा आकडाही सांगायची. घरातली माणसं निर्धास्त व्हायची. अता जाऊन आता दीड वर्ष झालं होतं. वर्षाचं जेवणही घालून झालं होतं. तो पट्टा कुठे गेला ते कोणी पाहिलं नाही, आणि प्रोग्राममधलं त्यांचं नाव पुसायला कुबानिचचा हात धजला नाही.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी संध्याकाळचा कागद आला. वर कुबानिचची पावलं, कुबानिचची नाडी. आणि खाली, दीड वर्षाने, एक ओळ :

अता. पावलं दोन हजार एकशे चाळीस. नाडी अठ्ठावन्न. दुपारी दोन दहाला एकशे बारा.

कुबानिचने कागद उजेडात धरला, मग चष्मा पुसला. अक्षरं तीच राहिली.

"यंत्रं चुकतात," तो स्वतःशी म्हणाला आणि कागद घडी करून खिशात टाकला. बुधवारी पुन्हा तीच ओळ आली. गुरुवारीही. वेळ तीच, दोन वाजून दहा मिनिटं. त्या वेळी कुबानिच केंद्रात असायचा आणि नाझगुल बेकरीत. घरात फक्त त्याची आई, उमसुनाय अपा.

"अपा, दुपारी कोणी आलं होतं का?"

"एवढ्या थंडीत कोण येतंय, बाळा?" अपा म्हणाली. तिची बोटं लोकर विंचरत राहिली.

त्याने प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींना तक्रार पाठवली. जुनी माहिती नवी म्हणून दिसते आहे, दुरुस्त करा. दोन दिवसांनी कुठल्याशा दूरच्या देशातल्या एकाने मोठ्या सौजन्याने उत्तर दिलं : माहिती ताजी आहे. पट्टा कोणाच्या तरी हातावर आहे. शिवाय रोज एकाच वेळी नाडी वाढते, तर तुमच्या वडिलांना जरा जपायला सांगा.

कुबानिचने लिहिलं, वडील वारले आहेत.

उत्तर आलं : वाईट वाटलं. म्हणजे दोष प्रोग्रामचा नाही. तक्रार बंद करू का?

त्या रात्री कुबानिचला झोप लागली नाही, आणि ते दुसऱ्या संध्याकाळी कागदावर आलंही. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं तो जन्मभर लोकांना ऐकवत आला होता. आता मोजलेलं समोर होतं. नाडी होती, पावलं होती. नव्हता फक्त माणूस.

त्याने सगळं नाझगुलच्या कानावर घातलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. हातातली परात तिने हळूच खाली ठेवली.

"अहो, मी तुम्हाला बोलले नव्हते. रोज घरी येते तेव्हा तुमच्या त्या बोलणाऱ्या डब्यावर पांढरा रुमाल घातलेला असतो, चार घड्या करून. मी काढते. दुसऱ्या दिवशी पुन्हा असतो."

"अपा घालत असेल."

"विचारलं. म्हणाल्या, धूळ बसते." नाझगुलने आवाज खाली आणला. "आणि परवा फाटकापासून पायरीपर्यंत बर्फात ठसे होते. टाचेला अर्धचंद्राची नाल. आपल्या अतांच्या बुटांना होती तशी."

"आणि आपला कुत्रा काय करत होता?"

"कुत्र्याच्या ठशांवरून तर मला घाम फुटला. तो शेजारून चालत आलाय, ओळखीच्या माणसाबरोबर चालतो तसा."

शनिवारी समोरच्या घरातली म्हातारी नाझगुलला पाणी भरताना भेटली. शपथेवर म्हणाली, धुक्यातून असानालीचा तपकिरी कोट जाताना मी पाठमोरा पाहिला, हाक मारायला तोंड उघडलं तर कोट तुमच्या भिंतीआड गेला. झालं. नाझगुलने बेकरीत एका मैत्रिणीला सांगितलं, 'कोणाला बोलू नकोस' असं बजावून, आणि सोमवारी पाव घ्यायला येणारं अर्धं काराकोल तिच्याकडे कीव आणि कौतुक यांच्या मधल्या नजरेने बघू लागलं. हवामान केंद्रात वरिष्ठांनी कुबानिचला बाजूला घेतलं. "तुझ्या वडिलांना तिकडं थंडी कशी आहे विचारशील का? आपला अंदाज दोनदा चुकलाय." चेष्टा आहे की विनंती, ते कुबानिचला कळलं नाही.

बाधा जावी म्हणून घरात अर्चा झाडाच्या वासाच्या फांद्या जाळून धूर फिरवला. खोल्यांतून धूर गेला, ओळ काही गेली नाही. उलट नाडी एकशे अठरावर पोचली.

"त्यांचं काहीतरी राहिलंय," नाझगुल म्हणाली. "म्हणून जीव घाबरा होतो. त्यांच्या नावाने तेलाचा वास सोडू या. सात भाकऱ्या तळू, प्रार्थनेला मशिदीतल्या मोल्दोंना बोलावू."

"मी शास्त्र मानणारा माणूस आहे," कुबानिच म्हणाला. मग त्याची नजर अतांच्या बंद दाराकडे गेली. "शुक्रवारी बोलाव."

अपाला विचारलं, तर ती म्हणाली, "असानालीसाठी प्रार्थना होत असेल तर मी नको कशाला म्हणू? करा."

शुक्रवारी दुपारी धुकं खिडक्यांना टेकून उभं होतं. दिवस असून घरात दिवे लावावे लागले. मशिदीतले मोल्दो आले, गल्लीतली आठ-दहा वडीलधारी आली. तळलेल्या भाकऱ्यांचा वास पडवीभर झाला. पाहुण्यांसमोर यायचं म्हणून अपाने तो पांढरा रुमाल आज डोक्याला बांधला होता. मोल्दोंनी डोळे मिटून पठण सुरू केलं. सगळे मान खाली घालून बसले. कुबानिचची नजर मात्र घड्याळावर होती. दोन वाजले. दोन पाच झाले.

बाहेर फाटक वाजलं. कुत्रा भुंकला नाही.

नाझगुल चहाची किटली घेऊन आतल्या दाराशी आली होती. तिचं लक्ष उंबऱ्याकडे गेलं आणि ती जागच्या जागी खिळली. पाहुण्यांच्या जोड्यांच्या रांगेत, शेवटी, अतांचे बूट होते. टाचेला अर्धचंद्राची नाल, आणि वरचं बर्फ अजून वितळत होतं. तिने कुबानिचकडे पाहिलं, कुबानिचने बुटांकडे.

आणि पडवीतून तो सपाट आवाज आला.

"अता घरी आले. नाडी एकशे चोवीस."

मोल्दोंचं पठण मधल्याच शब्दावर थांबलं. त्या शांततेत, दाराजवळ नुकतेच येऊन मांडी घातलेले शेजारचे तुर्दुबेक आके, गुरांचे निवृत्त डॉक्टर, वय एकाहत्तर, सगळ्यांना धीर द्यावा म्हणून म्हणाले :

"घाबरू नका. ही बाई रोज असंच म्हणते."

मोल्दोंनी डोळे उघडले. "रोज?"

तुर्दुबेक आकेंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग बीटासारखा. त्यांनी डावा हात झटकन पाठीमागे नेला. तेवढ्यात डबा पुन्हा बोलला. "नाडी एकशे एकतीस."

"बाही वर करा, आके," उमसुनाय अपा शांतपणे म्हणाली. "आता झाकून काय उपयोग?"

बाही वर झाली. मनगटावर अतांचा पट्टा होता.

मग सगळं उलगडलं. अतांचे कपडे अपाने रिवाजाप्रमाणे स्वतःच्या हाताने वाटले होते, आणि कोणाला काय गेलं हे कोणी विचारायचं नसतं. कोट आणि बूट तुर्दुबेक आकेंना गेले. गेल्या हिवाळ्यात मित्राचा कोट अंगावर चढवायला त्यांचं मन होईना. यंदा थंडी कडक पडली म्हणून काढला, तर आतल्या खिशात हे घड्याळ सापडलं.

"मला वाटलं घड्याळच आहे," आके खालच्या मानेने म्हणाले. "चार्ज केलं तर वेळ दाखवायला लागलं. आज लोक असणार म्हणून कोट घातला नाही. बुटांचा जोड एकच आहे."

"आणि रोज दुपारी दोनला?" कुबानिचचा आवाज त्यालाच परका वाटला. वडिलांचे बूट, वडिलांचा पट्टा, आणि आपण घरात नसतानाची वेळ. त्याच्या मुठी वळल्या होत्या.

"मला पेपर वाचून दाखवतात," अपा म्हणाली. "डोळ्यांना अक्षर दिसत नाही, दोन वर्षं झाली. मी तुला सांगितलं होतं. तू म्हणालास, नंबर मोजून घेऊ." "तू सगळं टिपतोस, बाळा. कोण किती चाललं, कोण किती झोपलं. या घरात दिवसभर कोण एकटं बसतं, ते तुझ्या कागदावर कधी आलं का?"

कुबानिचच्या मुठी उघडल्या. उत्तर द्यायला मोल्दोंनी जागाच ठेवली नाही. त्यांनी हात उचलून उरलेली प्रार्थना पुरी केली, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले, आणि मोल्दो तळलेल्या भाकरीकडे वळत म्हणाले, "मृतांचं स्मरण झालं. जिवंतांना चहा द्या."

गल्लीने आठवडाभर तोंडसुख घेतलं, मग दुसरीकडे एक गाढव घरात शिरलं आणि हा विषय मागे पडला.

पण कुबानिचच्या डोक्यातून एकशे एकतीस जाईना. म्हाताऱ्या माणसाची नाडी रोज दुपारी अशी चढणं बरं नव्हे. एका वडिलांचं हृदय त्याने कागदावर थांबताना पाहिलं होतं. महिनाभराचे कागद गोळा करून, आके नाही नाही म्हणत असताना, त्याने त्यांना इस्पितळात नेलं.

खिडकीतल्या बाईने अर्ज पुढे ओढला. "पेशंट तुमचे कोण?"

आके भिंतीवरचं लसीकरणाचं पत्रक लक्ष देऊन वाचू लागले.

"अजून ठरलेलं नाही," कुबानिच म्हणाला. "आईचा विचार चालू आहे."

बाईने 'इतर' लिहिलं.

तरुण डॉक्टरने छाती तपासली, तारा लावल्या, कागद उलटसुलट पाहिले. "हृदय घोड्यासारखं आहे. पण दुपारी दोनला तुम्ही नेमकं करता काय?"

"चहा पितो," आके म्हणाले.

"मग तो चहा बंद करा."

आकेंना घेऊन घरी आल्यावर कुबानिचने हे अपाला सांगितलं. तिने चहाच्या तीन वाट्या मांडल्या, मग त्यातली एक पुन्हा फळीवर ठेवली आणि दोघांपुरता चहा ओतला.

"डॉक्टर बदला," ती म्हणाली. "आणि बाळा, तुला केंद्रात काही काम नाही का?"

तेव्हापासून कुबानिच दुपारी दोन ते चार न चुकता केंद्राच्या अंगणात पट्टी घेऊन उभा असतो. बर्फ पडलेलं नसलं, तरी मोजतो.