कायमचं बंद कवा करणार?

आमचे शेजारी खरात सुभेदार चहा सांगण्याआधी टपरीवाल्याला विचारतात, "बंद कवा करणार?"

"रात्री नऊला, सुभेदार."

"तसं न्हवं रं. कायमचं!"

साताऱ्यातले दुकानदार त्यांना वचकून असतात. न्हाव्याकडे अर्धी दाढी झाली की ते वस्तऱ्याचा हात पकडतात. "उरल्याली हुईस्तवर हाईस न्हवं?" कवळी बसवण्याआधी तर त्यांनी दाताच्या डॉक्टरांकडून दहा वर्षं दवाखाना चालवण्याचं लेखी घेतलं. डॉक्टरांचं वय पासष्ट. बिचारे सही करून दुसऱ्या दिवसापासून पहाटे फिरायला जाऊ लागले.

हा माणूस मुळात असा नव्हता. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्यानं इंटरनेट आणलं, तेव्हा फुकटच्या ई-मेलवर सगळ्यात आधी भाळले ते सुभेदारच. त्याला कारण होतं. लेक सुनंदा मनाविरुद्ध लग्न करून मस्कतला गेली होती. 'या घराचं दार तुला बंद,' असं तेव्हा हेच गरजले होते. तीन वर्षांनी तिचं कार्ड आलं. त्यावर फक्त ई-मेलचा पत्ता. सुभेदारांनी तो आपल्या ई-मेलच्या पेटीत नोंदवला आणि कार्ड बंबात घातलं.

"पत्ता कंपनीत जमा झाला," ते मला म्हणाले. "आता कार्ड कशाला?"

बापलेकीचं बोलणं सुरू झालं. मग एकदा तिनं लिहिलं, 'आबा, दिवाळीला येऊ का?' सुभेदार चार दिवस उत्तराचे कच्चे खर्डे करत बसले. पाचव्या दिवशी बूथवर गेले, तर कंपनीनं ई-मेलची सेवाच गुंडाळलेली. पेटी गेली, पेटीतला लेकीचा पत्ताही गेला.

"चौकी सोडताना बी चार्ज देत्यात!" ते संगणकावर ओरडले. "माझी पेटी कुणाच्या चार्जात दिली?"

कंपनीला त्यांनी पोचपावती जोडून रजिस्टर पत्र धाडलं. 'पत्ता अपुरा' असा शेरा घेऊन ते परत आलं.

दिवाळी होऊन गेली. थंडी पडली, तरी सुभेदारांचं दार सताड उघडं. ते लागू नये म्हणून खाली वीट लावलेली. आम्ही सगळे हसायचो. परवा त्यांच्या सोप्यात एक कुत्रं ऐसपैस झोपलेलं बघून मी म्हणालो, "आवं सुभेदार, दार तरी बंद करा."

ते विटेकडे बघत राहिले.

"एकदा केलं हुतं, गड्या. कंपनीच्या बी आधी. ती इचारती, येऊ का? आता उत्तर द्यायला एवढं दारच उरलंय."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. मी कुत्र्याला हाकललं आणि वीट दाराखाली आणखी घट्ट सरकवली.